बशीतील रंगांची साक्ष : जीवाणू ओळखण्याच्या एका रीतीविषयी

भोपाळच्या बड्या तलावाशी येथील मराठी कुटुंबांचे नाते जसे पिण्याच्या पाण्याचे, तसे गणेशविसर्जनाचेही आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला अकराव्या शतकातील हा जलाशय २००२ साली रामसर यादीत समाविष्ट झाला. कोलार आणि नर्मदा यांचे पाणी नंतर शहरात आले, तरी भोपाळचा एक भाग आजही याच तलावाचे पाणी पितो. ते पाणी निवळ दिसते की गढूळ, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. विषमज्वराचे वा पटकीचे जंतू मिसळल्याने पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही.

सूक्ष्मदर्शकाचाही येथे फारसा उपयोग होत नाही. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय, विषमज्वराचा साल्मोनेला आणि हगवणीचा शिगेला हे तिघेही आखूड कांडीसारखे दिसतात, आणि ग्रामच्या अभिरंजनाने तिघेही गुलाबीच होतात. जे रूपाने ओळखता येत नाही ते वर्तनाने ओळखावे लागते. त्यासाठी जीवाणूंना खाऊ घालून वाढवावयाचे आणि ते काय करतात हे पाहावयाचे.

रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस पटकीचा शोध घेत कलकत्त्यास आला आणि १८८४ मध्ये त्याने तेथे स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढविला. तेथील एका तळ्याच्या पाण्यातही तो त्याला सापडला. त्या काळी जिलेटिनचे माध्यम प्रचारात होते आणि कलकत्त्याचा तो हिवाळा होता, हे बरे झाले. भोपाळच्या मे महिन्यात जिलेटिनचे पाणीच झाले असते. ही अडचण कॉखच्याच प्रयोगशाळेतील वाल्टर हेसे याच्या पत्नीने, फॅनी हेसे हिने, स्वयंपाकघरातील अनुभवावरून दूर केली. जाव्हात राहून आलेल्या परिचितांकडून तिला समुद्रशेवाळापासून काढलेला अगर ठाऊक झाला होता. आपल्या घरांत ‘चायना ग्रास’ म्हणून खीर-पुडिंगात पडणारा पदार्थ तो हाच. शरीराच्या तापमानालाही तो घट्ट राहतो, आणि बहुतेक जीवाणूंना तो पचत नाही.

परंतु साध्या पोषक अगरावर सांडपाण्याचा थेंब पसरला की असंख्य वसाहती एकमेकींवर चढतात. रोगजंतू त्यांत लाखांत एखादा असावयाचा. म्हणून माध्यमाला दोन कामे शिकविली गेली. पहिले चाळणीचे : नको त्या जीवाणूंना वाढूच न देणे. हे निवडक माध्यम. दुसरे कसोटीच्या दगडाचे : जे वाढतील त्यांच्या स्वभावातील भेद रंगाने उघड करणे. हे भेददर्शक माध्यम. एकाच बशीत दोन्ही कामे साधता येतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे आल्फ्रेड मॅकॉन्की याचे माध्यम. त्याचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९०५ चा; कॉखला नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी.

मॅकॉन्की अगरात पित्तक्षार असतात. आतड्यातील जीवाणूंना पित्ताची सवय असते. इतर अनेकांना, विशेषतः ग्राम-धन जीवाणूंना, ते सोसत नाही. पुढे त्यात क्रिस्टल व्हायोलेट हा रंगही घालू लागले, त्याने चाळणी अधिक बारीक झाली. भेद दाखविण्यासाठी त्यात दुग्धशर्करा आणि न्यूट्रल रेड हा दर्शक असतो. ई. कोलाय दुग्धशर्करा आंबवून आम्ल निर्माण करतो. आम्लात दर्शक तांबडा होतो आणि वसाहत गडद गुलाबी दिसते. साल्मोनेला आणि शिगेला यांना सामान्यतः ही शर्करा लवकर वापरता येत नाही, म्हणून त्यांच्या वसाहती फिक्या राहतात. जीवाणूने रंग खाल्ला म्हणून तो गुलाबी झाला, असे विद्यार्थ्यांना वाटते. ते खरे नव्हे. तो रंग आम्लाची साक्ष आहे.

पटकीसाठी जपानी संशोधकांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेले टीसीबीएस माध्यम याच विचाराचे. त्याचा सामू ८.६, म्हणजे बराच अल्कधर्मी; पटकीच्या जंतूला ते मानवते, बहुतेक आंत्रजीवाणूंना नाही. त्यातील ऊसशर्करा आंबवून तो पिवळी वसाहत देतो. समुद्री अन्नातून बाधणारा त्याचा भाऊबंद हिरवा राहतो. बशी मात्र १८ ते २४ तासांतच वाचावी. उशीर झाला तर पिवळ्याचा हिरवा होऊ लागतो आणि साक्षीदार जबाब बदलतो.

तलावाच्या पाण्यात प्रत्येक रोगजंतू शोधीत बसत नाहीत. विष्ठेची खूण म्हणून कोलायवर्गीय जीवाणू मोजतात. मात्र आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात त्या वर्गातील काही मातीतूनही येतात. तेव्हा दुसऱ्या टप्प्यात नळ्या सुमारे ४४ अंशांवर ठेवतात, ई. कोलाय तेथे टिकतो. उष्णतेचीच ही चाळणी. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये.

या साक्षीला मर्यादाही आहेत. फिकी वसाहत प्रोटिअसचीही असू शकते. म्हणून यूरिएजसारख्या पुढील चाचण्यांवाचून निदान करू नये. क्लोरीनने अर्धमेला झालेला जीवाणू पित्तक्षार सोसू न शकल्याने बशीत उगवतच नाही, आणि पाणी निर्दोष वाटते.

भोपाळकरांना तर आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. १९८४ च्या वायुकांडातील कारखान्याच्या परिसरातील टाकाऊ रसायने भूजलात उतरली. बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. त्या रसायनांबद्दल कोणतीही बशी काही सांगत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफीसारखी निराळी तपासणी हवी. उलट, नवी नळवाहिनी गटाराशेजारून जात असेल तर रासायनिक अहवाल निर्मळ असूनही हगवण घरात शिरू शकते. अशा नळाचे पाणी जीवाणूंसाठी तपासावयाचे तर बाटली निर्जंतुक हवी, क्लोरीनचा परिणाम थांबविण्यासाठी तीत थोडे सोडियम थायोसल्फेट हवे, आणि नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावयास हवा.