मज्जारज्जूचे विद्युत्-उत्तेजन आणि पायांचे प्रतिक्षेप

पंगु रुग्णास अभ्यंग करताना कधी अकस्मात गुडघा आखडतो, पाऊल झटका देते, आणि नातेवाईक हर्षाने म्हणतात, "वैद्यराज, पाय हलू लागला!" यावर वैद्याने काय उत्तर द्यावे?

दिमित्रिजेविच, गेरासिमेंको व पिंटर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. मज्जारज्जूस जुनी व संपूर्ण इजा झालेल्या रुग्णांत त्यांनी कटिभागाच्या दुसऱ्या मज्जाखंडाजवळ, मज्जावरणाबाहेर इलेक्ट्रोड ठेवून सेकंदाला २५ ते ६० स्पंद दिले. निजलेल्या रुग्णाचे पाय चालल्याप्रमाणे लयबद्ध हलू लागले. मेंदूची आज्ञा तेथे पोहोचतच नव्हती!

पुढील अभ्यासातून असे दिसले, की हा विद्युत्प्रवाह प्रामुख्याने पश्चिम मूलांतील जाड संवेदी तंतूंना चेतवितो. संदेश मज्जारज्जूत शिरतो व चेष्टावह पेशींवाटे स्नायूंत परततो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर घडते ती क्रिया याच जातीची. सुमारे ५० मिलीसेकंदांच्या अंतराने दोन स्पंद दिल्यास दुसरा प्रतिसाद दबतो. हे प्रतिक्षेपाचेच लक्षण होय. विशेष म्हणजे, सेकंदाला ५ ते १५ स्पंदांनी पाय ताठ होतो, तर २५ ते ५० स्पंदांनी लय उमटते. इजेखालील मज्जारज्जू म्हणजे केवळ तुटलेली तार नव्हे.

लुईव्हिल येथील २०११ च्या वृत्तांतात दीर्घ सरावानंतर एक रुग्ण उत्तेजन चालू असताना उभा राहिला व आज्ञेनुसार पायही हलवू शकला. येथे मात्र इच्छेचा सहभाग होता.

सुश्रुताचार्यांनी वातव्याधिनिदानात खंज व पंगु यांची संप्राप्ती कटिस्थित वायूपासून सांगितली आहे. साम्य मोहक खरे. तथापि त्यावरून आचार्यांना प्रतिक्षेपाचा मार्ग ज्ञात होता, असे म्हणणे मला पटत नाही.

म्हणून झटक्यास सुधारणा म्हणू नये. रुग्णास पायाचा अंगठा हलविण्यास सांगावे. तीनदा सांगितल्यावर तीनदा हलला, तरच तशी नोंद करावी. आक्षेप एकाएकी वाढल्यास शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा तुंबलेला मूत्राशय शोधावा. संवेदना नसलेल्या भागी स्वेदनाने भाजण्याचे भय असते. इजा पाठीच्या सहाव्या खंडाच्या पातळीवर वा त्याहून वर असेल, तर बस्तीने गुद ताणले जाऊनही रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. डोके ठणकू लागले वा चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर बस्ती तत्काळ थांबवून रुग्णास बसते करावे, रक्तदाब मोजावा आणि रुग्णालयात हलवावे.