गाळातील साक्षीदार

तलावातील गाळ उपसला, जलपर्णी काढली आणि पावसाळ्यात पाणी काठोकाठ भरले, की पुनरुज्जीवनाचे काम यशस्वी झाले असे मानले जाते. पाहणाऱ्यालाही ते पटते. परंतु पाणी भरणे आणि पाण्यात जीवसृष्टी परतणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी घटना घडली की नाही, हे सांगणारे साक्षीदार तळाच्या गाळात आणि पाणवनस्पतींच्या देठांवर राहतात. गोगलगाई, शिंपले, कोळंबी, खेकडे, निरनिराळे कृमी आणि कीटकांच्या अळ्या हे ते साक्षीदार होत. पाठीचा कणा नसल्यामुळे त्यांना अपृष्ठवंशीय प्राणी म्हणतात.

बाटलीत भरलेल्या पाण्याच्या नमुन्यावरून त्या घटकेची स्थिती कळते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेले, तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. गाळातील प्राणी मात्र महिनोन्‌महिने तेथेच राहतात. पक्षी उडून जातो, मासा पोहून जातो. शिंपल्याला फार दूर जाता येत नाही. पाण्याने जे सोसले, ते त्यालाही सोसावे लागते.

सर्वांची सहनशक्ती मात्र सारखी नसते. कायरोनोमस ही डासासारखी दिसणारी, पण न चावणारी माशी आहे. तिची अळी लालभडक असते, कारण तिच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे प्राणवायू अत्यल्प असलेल्या गाळातही ती तग धरते. तळात केवळ अशा अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमीच सापडले, तर पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. याच तत्त्वावर भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जैविक मोजमापाची पद्धत तयार केली. तीत प्राण्यांच्या कुळांना सहनशक्तीनुसार गुण देतात, त्यांची विविधताही पाहतात आणि पाण्याचे पाच वर्ग ठरवतात.

तथापि वाहत्या नदीचा मापदंड संथ पाणथळीला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. दाट वनस्पतींच्या पाणथळीत तळाशी प्राणवायू मुळातच कमी असू शकतो. म्हणून जवळच्या, त्याच प्रकारच्या चांगल्या पाणथळीशी तुलना करावी लागते. शिवाय काम सुरू होण्यापूर्वीची नोंद हवी. ती घेण्याची आठवण बहुधा काम संपल्यावर होते!

कोण आधी आले, यालाही अर्थ असतो. उडू शकणारे पाणभुंगेरे नव्या पाण्यात लवकर पोहोचतात. गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांची पिल्ले प्रथम माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. मासे परतल्याशिवाय ते परतत नाहीत. चतुर पाण्यावर घिरट्या घालताना दिसला, एवढ्याने तो तेथला झाला असे नाही. गवताच्या पात्यावर त्याच्या अळीची रिकामी कात सापडली, तर मात्र तिची वाढ त्याच पाण्यात झाली, हे निश्चित.

ओडिशातील चिलिका सरोवराचे उदाहरण बोलके आहे. हे खाऱ्या व गोड्या पाण्याचे मिश्रण असलेले विस्तीर्ण खाजण आहे. समुद्राकडे जाणारी वाट गाळाने आक्रसत गेली, खारेपणा घटला, तणे माजली आणि मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांची मिळकत आटली. 1993 साली चिलिकाचे नाव रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या यादीत गेले. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राला मिळणारे नवे मुख खोदण्यात आले. येथील अनेक जातींची कोळंबी समुद्रात अंडी घालते. तिची पिल्ले खाजणात येऊन वाढतात आणि पुन्हा समुद्राकडे जातात. चिखलातील मोठ्या खेकड्याची मादीही अंडी सोडण्यासाठी समुद्र गाठते. वाट मोकळी होताच हे येणे-जाणे सुरळीत झाले. मासे, कोळंबी व खेकडे मिळून 1999-2000 मध्ये सुमारे 1,750 टन असलेली वार्षिक पकड 2001-02 मध्ये सुमारे 12,000 टनांवर गेली. 2002 साली चिलिकाचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले.

पकडीचा आकडा जाळ्यांच्या संख्येवरही अवलंबून असतो. पकड चांगली मिळू लागली, की जाळी वाढतात आणि कोवळी कोळंबीही त्यांत सापडू लागते. अशा वेळी टोपली भरलेली दिसते. पाण्यात पुढच्या हंगामासाठी किती उरले, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी तळाचा गाळ चाळून त्यातील प्राणी मोजावे लागतात.