जुन्या इंजिनाची परीक्षा : उघडण्यापूर्वी मोजा

जुनी मोटार चढणीवर दमू लागली, सकाळी चालू होण्यास वेळ घेऊ लागली, मागून निळसर धूर सोडू लागली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच निर्णय ऐकू येतो : ‘इंजिन संपले, खोलावे लागेल.’ हा निर्णय कधी खरा असतो, कधी नसतो. टॅक्सीचालकाला तर तो दुहेरी महाग पडतो. इंजिन उघडलेले असते तितके दिवस गाडी उभी राहते, घरखर्च मात्र थांबत नाही. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दाब मोजावा, हे आम्ही कार्यशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रथम सांगतो. या मोजणीलाच कॉम्प्रेशन चाचणी म्हणतात.

दादर स्थानकाबाहेर आणि दादर टी.टी.च्या चौकात ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आपण अनेक दशके पाहिल्या, त्यांत प्रीमियर पद्मिनीचे राज्य होते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचेच हे पुढचे नाव. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली.

अशा गाडीचे वय किलोमीटरवरून पुरते कळत नाही. डॉ. आंबेडकर मार्गावरील कोंडीत गाडी जागेवर थांबते, किलोमीटरचा आकडा थांबतो, पण इंजिन फिरतच असते आणि झिजतही असते. उलट, वेळच्या वेळी तेल बदललेले इंजिन मोठ्या आकड्यानंतरही सुदृढ असू शकते.

इंजिनाचे बळ दाबात आहे. पिस्टन खाली जाताना हवा व इंधन आत घेतो, वर येताना त्यांना आवळतो, मग ठिणगी पडते. हा दाब तीन ठिकाणांहून निसटू शकतो : पिस्टनच्या रिंगांवाटे, नीट न मिटणाऱ्या वाल्व्हवाटे किंवा फुटलेल्या हेड गॅस्केटमधून. यांपैकी वाट कोणती, हे शोधणे म्हणजेच चाचणी.

प्रथम इंजिन नेहमीइतके तापवावे. बॅटरी पूर्ण भारलेली असावी. गाडी सीएनजीवर असेल तर टाकीचा वाल्व्ह बंद करून नळीतील गॅस संपू द्यावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. प्लगभोवतीची धूळ झटकून चारही प्लग काढावेत. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची जोडणी सोडवावी. मग दाबमापक एका प्लगच्या जागी घट्ट बसवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारावा. पाच-सहा वेळा काटा उसळू द्यावा आणि आकडा लिहून ठेवावा. प्रत्येक सिलिंडरला उसळ्या तितक्याच द्याव्यात, अन्यथा तुलना फसते.

समजा, चार सिलिंडरचे आकडे प्रति चौरस इंच १३०, १२८, ९० आणि १३२ पाउंड आले. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. येथे तो सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे तिसरा सिलिंडर दुबळा. आता त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला, तर तेलाने रिंगांभोवतीची फट बुजवली, असा अर्थ होतो. झीज रिंगांची किंवा सिलिंडरच्या भिंतीची आहे. आकडा तसाच राहिला, तर संशय वाल्व्हवर जातो. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट तपासावे.

वाल्व्हचा संशय आला तरी लगेच हेड उतरवू नये. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. त्यावर दीर्घकाळ चाललेल्या इंजिनात वाल्व्हची बैठक झिजते, वाल्व्ह आत सरकत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. फट उरली नाही की वाल्व्ह पुरता मिटत नाही. अशा वेळी फट योग्य मापाची करून पुन्हा दाब मोजावा. पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते.

मापकाचा आकडाही विवेकानेच वाचावा. बॅटरी मंद असेल तर चारही आकडे उगाच कमी येतात. पिस्टनच्या माथ्यावर काजळी साचली असेल तर ते फसवे वाढतात. योग्य दाब किती, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. डिझेल इंजिनाचा दाब कितीतरी अधिक असतो; त्याला पेट्रोलचा मापक कधीही लावू नये.

पद्मिनी गेली, परंतु जुन्या गाड्या आणि त्यांच्यावर पोट असणारी माणसे आहेतच. उद्या आपल्या शाळेतील एखादा मुलगा किंवा मुलगी गॅरेजमध्ये उभी राहील, तेव्हा समोरच्या चालकाची काही दिवसांची कमाई तिच्या एका शब्दावर ठरेल. तो शब्द उच्चारण्यापूर्वी तिच्या वहीत चार आकडे लिहिलेले असावेत, आणि ते चालकाला दाखवून समजावण्याची सवय तिला असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.