का आणि कसे? : रानातली गिधाडे मोजतात कशी?

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरावर सकाळी तीन गिधाडे घिरट्या घालताना दिसली आणि दुपारी पुन्हा तीन, तर गिधाडे तीन की सहा? नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही. अन्नाच्या शोधात हा पक्षी फार लांबवर हिंडतो.

म्हणून काही पक्ष्यांना ओळख देतात. पोतंभर हरभऱ्यात १०० रंगवलेले दाणे मिसळून मूठभर काढावेत. दहांत एक रंगीत निघाला, तर पोत्यात हजारेक दाणे. पायातले कडे किंवा पंखावरची क्रमांकपट्टी हेच काम करते.

जानेवारी २०२४मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची १० गिधाडे ताडोब्यात आणली आणि जीपीएस यंत्र लावून त्याच वर्षी सोडली. यंत्राची खूण रानात एकाच जागी थबकून राहिली, की पक्षी संकटात असू शकतो, म्हणून माणसांनी तिथे तातडीने पोहोचायचे.

मात्र नवे जीव किती आले, हे घरटीच सांगतात. हे गिधाड उंच झाडावर घरटे बांधते आणि वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे त्याच झाडांकडे पुन:पुन्हा जावे लागते: जोडी बसली का, पिल्लू दिसले का, ते उडाले का? मला ही चिकाटीची नोंद यंत्राइतकीच मोलाची वाटते. वर्षाला एकच पिल्लू, म्हणून मोठ्या पक्ष्यांचे मृत्यू थोडे वाढले तरी संख्या घसरते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने नेमके हेच केले: अशी मेलेली गुरे खाऊन गिधाडे मेली. २००६ साली त्याच्या पशुवापरावर बंदी आली.