रेबीजची इंजेक्शनं चालू असताना मांजराने बोचकारलं तर?

कुत्रा चावल्यावर रेबीजची दोन इंजेक्शनं झालेली असतात आणि तेवढ्यात घरचं मांजर पोराच्या हातावर नख ओढतं. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, "आता सगळी इंजेक्शनं पहिल्यापासून." दुसरं म्हणतं, "लस चालूच आहे, काही करायला नको." दोन्ही चूक आहेत.

पहिलं काम पाण्याचं. ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा. नळाला पाणी नसेल तर बादलीतल्या पाण्याची तांब्याने धार धरा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि ते साबणाने विरघळतं, म्हणून कपड्यांचा साबणही चालतो. नंतर बेटाडीन लावा. हळद, चुना, मिरची, रॉकेल लावू नका. पट्टी बांधू नका.

मग जखम नीट बघा. रक्त न येता नुसता ओरखडा असेल, तर लस पुरते. रक्त आलं, दात रुतले किंवा लाळ उघड्या जखमेत, डोळ्यात, तोंडात गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागतं. लसीने अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तोवर हे औषध जखमेतच विषाणूला अडवतं. पहिल्या लसीपासून 7 दिवसांच्या आतच ते देतात. म्हणून कोर्स चालू असला तरी नवी जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मागच्या वेळी हे औषध मिळालं नसेल आणि आता रक्त आलं असेल, तर ते स्वतःहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. ते घेतलं म्हणजे रेबीजची लस झाली असं नाही.

कोर्स सहसा पहिल्यापासून करावा लागत नाही. ठरलेल्या तारखा मात्र सोडू नका. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी दोन्ही दंडांच्या कातडीत थोडी थोडी लस देतात. पहिली लस 1 तारखेला झाली, तर पुढच्या 4, 8 आणि 29 तारखेला. स्नायूत देतात तिथे 15 तारखेची एक जास्त. तारीख चुकलीच तर घरी बसू नका, लगेच जा. पुढचं डॉक्टर ठरवतील.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची. आपल्या देशात ती 2004 मध्ये बंद झाली. आताची लस दंडात देतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती चालते.

खरी अडचण शेवटच्या इंजेक्शनाची असते. तोवर जखम भरलेली असते आणि एका खेपेसाठी दिवसाची रोजी बुडते. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मुकादमाला किंवा मालकिणीला चारही तारखा आधीच सांगून ठेवा. पोराला न्यायला शेजारणीची मदत घ्या.

मांजर घरचं असलं, त्याला लस दिलेली असली, तरी दवाखाना टाळू नका. त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवा. ते आजारी पडलं, मेलं किंवा पळून गेलं, तर डॉक्टरांना कळवा. मात्र ते 10 दिवस संपायची वाट बघत लस थांबवू नका.

उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय अशी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं आपल्या तिन्ही गावांत आहेत. एका ठिकाणी "लस संपली" म्हणाले, तर मुकाट्याने परत फिरू नका. कुठे मिळेल ते कागदावर लिहून मागा आणि त्याच दिवशी तिकडे जा. तिन्ही गावं एकाच लोकल मार्गावर आहेत.

लसीचं कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. कोर्स पूर्ण झाल्यावर पुढे कधी प्राणी चावला, तर हे कार्ड बघून डॉक्टर बहुधा दोनच इंजेक्शनं देतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.