वजन, साखर आणि लघवीची घाई

सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्यापासून मी शब्बाथला वॉटर्लू स्ट्रीटवरच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये जाते. १८७८ सालचे हे सिनेगॉग बगदादी यहुद्यांचे. चाली आपल्यापेक्षा वेगळ्या, तरी मन रमते. पण गेल्या वर्षी दोन महिने मी घराबाहेरच पडले नाही. घाईची लघवी लागे आणि मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होत. लाजेने कोणाला सांगितले नाही. उलट पाणी पिणेच कमी केले. ती माझी मोठी चूक. जळजळ सुरू झाली. शेवटी सुनेने ओळखले आणि डॉक्टरांकडे नेले.

लघवीत जंतू निघाले, त्याचे औषध मिळाले. मग डॉक्टरांनी मूळ कारण सांगितले. रक्तात साखर वाढली की ती लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते. बरीच वर्षे साखर चढी राहिली तर मूत्राशयाच्या नसा दुबळ्या होतात, लघवी पूर्ण उतरत नाही. त्यात सुटलेल्या पोटाचा भार मूत्राशयावर पडतो. अमेरिकेत मधुमेह असलेल्या स्थूल स्त्री-पुरुषांवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या स्त्रियांमध्ये घटलेल्या दर किलोमागे हा त्रास नव्याने जडण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाली.

माझे वजन ७८ किलो होते, दहा महिन्यांत ७२ वर आले. इथली कॉफी घट्ट गोड दुधाची. आता मी ‘कोपी ओ कोसोंग’ मागते, म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. तीही सकाळी एकच कप, कारण कॉफीनेही लघवीची घाई वाढते. मलिदा सोडवत नाही, पण ताटलीऐवजी दोन चमचे घेते. संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत अर्धा तास चालते. पाणी दिवसा भरपूर पिते, झोपण्याआधी दोन तास बेताने. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते बसल्या बसल्या आवळून पाच मोजायचे नि सोडायचे; लघवी करताना मात्र नाही.

एक सांगते. जेवण कमी केले नि गोळी तीच ठेवली, तेव्हा एका संध्याकाळी साखर उतरून माझे हातपाय कापू लागले. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पुरुषांनी प्रोस्टेटही तपासून घ्यावे.

रात्री अजून एकदा उठावे लागते, पण सिनेगॉगमध्ये आता दाराजवळची जागा शोधत नाही. ताप आला, लघवीत रक्त दिसले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुनेने ओळखेपर्यंत थांबू नका.