मिरर कुणाचाही, सही डेबियनची

डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये जाहीर केली. तिच्यामागे मालक कंपनी नाही, तरी २०२३च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजेस होती. ती जगभर पोचतात मिररमुळे. विद्यापीठं, संशोधन संस्था, इंटरनेट कंपन्या आपापल्या सर्व्हरवर या पॅकेजेसच्या भांडाराची हुबेहूब प्रत ठेवतात. डिस्क त्यांची, बँडविड्थही त्यांचीच.

मूळ भांडार दिवसातून चारदा अद्ययावत होतं. मग वरचा मिरर खालच्याला इशारा देतो आणि खालचा ‘आरसिंक’नं फक्त बदललेला भाग ओढून घेतो. मला यात सर्वांत देखणी वाटते ती नकलेची शिस्त. आधी पॅकेजेसच्या फायली उतरवायच्या, त्यांच्या याद्या मागाहून. हा क्रम उलटला तर यादीत नाव दिसतं, पण फाईल मागावी तर ती अजून पोचलेलीच नसते. जुन्या फायलीही नव्या याद्या आल्यावरच पुसायच्या.

पण परक्या सर्व्हरवरून येऊन रूटच्या अधिकारानं आपल्या संगणकात बसणारं सॉफ्टवेअर खरं कशावरून मानायचं? मिररवर भरवसा ठेवा, असं डेबियन सांगतच नाही. भांडाराच्या ‘रिलीज’ फाईलवर डेबियनची डिजिटल सही असते. त्या फाईलमध्ये याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. सही पडताळायची किल्ली आपल्या संगणकात आधीपासूनच असते. एक बाइट बदलला तरी हॅश जुळत नाही आणि पॅकेजेस उतरवणारं ‘ॲप्ट’ हे साधन ते पॅकेज नाकारतं.

ही साखळीही माणसांनीच लिहिलेली. जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टमध्येच एक गंभीर दोष सापडला: सर्व्हरनं दुसरीकडे वळवल्याचं उत्तर दिलं की त्या वाटेवर दबा धरलेल्याला ॲप्टच्या गळी खोटा हॅश उतरवता येत होता. पंचाईत अशी की दुरुस्ती आणायची तीही ॲप्टनंच! म्हणून तेवढ्यापुरतं असं वळवणं बंद ठेवून अपडेट करा, असं डेबियननं कळवलं. इतक्या उघडपणे बोलणाऱ्या प्रकल्पावर माझा विश्वास वाढतो.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र उशीर परवडत नाही. त्यांचा सर्व्हर वेगळा आहे, आणि त्याचे सार्वजनिक मिरर उभारू नका, अशीच डेबियनची सूचना असते. एरवीसाठीही आता सीडीएनवर, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर, चालणारा एकच पत्ता पुरतो. तरी कॉलेजच्या आवारात मिरर असावाच, असं मला वाटतं. एकदा आणलेलं पॅकेज मग वसतिगृहातल्या शेकडो लॅपटॉपवर आतल्या नेटवर्कवरूनच उतरतं. बाहेरच्या जोडणीला त्याचा पत्ताही लागत नाही.